कॅपसाठी दात घासला आणि आता साधं पाणीही झोंबतंय? आधी सेकंद मोजा

पहिल्या रात्री काहीच नसतं. भूल उतरत असते, गाल जाड वाटत असतो आणि आपण खूश असतो की चला, एकदाचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला तोंडात पाणी घेतलं की जी सळक जाते ना, ती थेट कानामागे जाऊन थांबते आणि मग आपण आरशासमोर गाल धरून उभे. (डॉक्टर ज्याला "दात घासायचाय" म्हणतात ते ब्रशने घासणं नाही, कॅप बसावी म्हणून दात चारी बाजूंनी मशीनने कमी करणं, हे मला पहिल्यांदा खुर्चीत बसल्यावर कळलं होतं.)

माझ्या तोंडात आत्ता तीन कॅप आहेत. तिन्ही दात आरसीटी (रूट कॅनाल) न करता, म्हणजे नस जिवंत ठेवून कॅप लावलेले, तिन्ही वेळा नंतर हीच तक्रार, तिन्ही वेळा मी फोनवर एकच वाक्य बोलले की "डॉक्टर, दुखतंय हो", आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. एकदा कॅप उंच लागत होती, एकदा टेम्पररी (पक्की कॅप तयार होईपर्यंतच्या तात्पुरत्या) कॅपखालचं सिमेंट धुऊन गेलं होतं, आणि एकदा खरंच नस गेली होती. मी मात्र तिन्ही वेळा सुरुवात एकाच उपायाने केली, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणली आणि चोळत बसले. पहिल्या दाताला तर महिनाभर. उपयोग शून्य, कारण तो त्या पेस्टचा प्रॉब्लेमच नव्हता. म्हणून हे सगळं लिहितेय. "दुखतंय" हा शब्द इथे काही कामाचा नाही. कशाने दुखतंय आणि किती सेकंद दुखतंय, बास, या दोन गोष्टींवरून जवळपास सगळं कळतं.

मुळात झोंबतं का

दाताचं वरचं पांढरं आवरण, इनॅमल, त्याला काही कळत नाही, त्यात नसच नाही. त्याच्या आत डेंटिन असतं आणि त्यात बारीक बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो, आणि जसजसं नसेजवळ जावं तशा आणखी दाट. नळ्यांमध्ये द्रव असतो. थंड लागलं, हवा लागली, गोड लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेच्या टोकांना ओढ बसते, तीच ती सळक. ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९६० च्या दशकात हे मांडलं, हायड्रोडायनॅमिक थिअरी म्हणतात, आणि आजही डेंटिस्ट हेच सांगतात.

आता कॅप बसवायची म्हणजे तिच्या जाडीएवढी जागा करायला लागते. कॅप कशाची आहे त्यावर आहे पण साधारण बाजूंनी १ ते १.५ मिमी आणि वरून १.५ ते २ मिमी दात काढतात. म्हणजे झालं काय, इनॅमल बहुतेक सगळं गेलं आणि त्या हजारो नळ्यांची तोंडं उघडी पडली. वर मशीनची उष्णता, दात सुकवायला मारलेली हवा, माप घेताना हिरडीत घातलेला दोरा, सगळं एकाच बैठकीत. नसेला उष्णता अजिबात सोसत नाही, १९६५ साली माकडांवर केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात नसेचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तेव्हा काही दातांची नस मेलेली सापडली होती, मशीनमधून सतत पाण्याचा फवारा येतो तो त्यासाठीच. तेव्हा पाणी घशात जातंय म्हणून वैतागू नका, ते येऊ द्या.

थोडक्यात काय, नस चिडलेली असते. खरचटलेल्या कातडीसारखं समजा. काही दिवस झोंबणार हे नॉर्मल आहे, प्रश्न फक्त एवढाच की ते कमी होत चाललंय का वाढत चाललंय.

सेकंद मोजायचे म्हणजे काय

फोनमध्ये एक नोट उघडा आणि दोन दिवस लिहा. काय लागलं (थंड, गरम, गोड, हवा, चावणं, का काहीच नाही आणि आपोआप), ती गोष्ट बाजूला झाल्यावर किती सेकंद राहिलं, आणि वेळ. एवढंच. दुखण्याला दहापैकी मार्क वगैरे देत बसू नका, मी दिले होते, पहिल्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी पण नऊ, पण पहिल्या दिवशी ते नऊ वीस सेकंद टिकलं होतं आणि तिसऱ्या दिवशी चार. जोर तेवढाच वाटतो, वेळ मात्र खरं सांगते.

थंड लागलं, सळक आली, थंड बाजूला झालं आणि पाच-दहा सेकंदात गेलं, तर नस चिडलीय पण सावरणारी आहे. थंड जाऊनही अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त ठणकत राहिलं, किंवा गरम चहाने दुखतंय आणि उलट थंड पाणी धरलं की बरं वाटतंय, किंवा काहीही न लागता आपोआप सुरू होतंय, किंवा रात्री झोपेतून उठवतंय, तर ते सावरणारं दिसत नाही आणि तिथे पेस्ट, मीठ-पाणी, वाट बघणं यात वेळ घालवू नका. हा फरक डॉक्टरलोकही असाच करतात, त्यांची नावं रिव्हर्सिबल आणि इरिव्हर्सिबल पल्पायटिस अशी आहेत, आपल्याला नावाशी काय करायचंय.

दुसरं, कुठला दात आहे ते नक्की करा. हसू नका, आतली नस दुखायला लागली की दात ओळखणं खरंच कठीण असतं, खालचं वर वाटतं, मागचं पुढे वाटतं. कापसाची काडी थंड पाण्यात बुडवून एकेका दाताला हलकेच टेकवून बघा, शेजारच्या चांगल्या दातापासून सुरुवात करा, आणि एकदाच करा. दर तासाला टेस्ट करत बसलात तर तुम्हीच त्याला चिडवताय. मी केलंय तेही.

आणि हो, ज्या दाताची आरसीटी झालेली आहे आणि त्यावर कॅप येतेय, त्याला थंड कळायला नको, त्यात नसच उरलेली नाही. तरी झोंबत असेल तर बहुतेक वेळा शेजारचा दात किंवा सोललेली हिरडी असते. क्वचित आत एखादा कॅनाल राहून गेलेला असू शकतो, त्यामुळे सांगायचं नक्की, पण घाबरून आधीच नाही.

चावलं की दुखतं, थंडाचं फारसं काही नाही

हा माझा पहिला दात. खालची दाढ. टेम्पररीवर ठीक होतं, परमनंट कॅप लागली आणि चार दिवसांनी मला वाटलं की या बाजूने चावू नये, मग थोडं थंडही झोंबायला लागलं, आणि मी लगेच "सेन्सिटिव्हिटी" असं लेबल लावून मोकळी. महिन्याने गेले तर डॉक्टरांनी तो निळा-लाल कागद दातांमध्ये धरायला लावला, टकटक चावायला सांगितलं, कॅपवर एकच गडद ठिपका आला, तो त्यांनी अर्धा मिनिट घासला. झालं. दोन दिवसांत ऐंशी टक्के दुखणं गेलं. तो महिना आठवला की अजून चिडचिड होते, त्यांच्यावर नाही, माझ्यावर.

यात होतं काय, दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो, मध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा एक पडदा असतो आणि तो उशीसारखं काम करतो. कॅप किंचित उंच असली की दर वेळी तोंड मिटताना सगळा भार त्याच दातावर, उशी सुजते, नस अजून चिडते, म्हणून थंडाचंही वाढतं. आणि दातांना केसाएवढी जाडीही कळते, त्यामुळे "मला उगाच वाटत असेल" असं अजिबात म्हणू नका.

हे राहून जातं याचं कारण साधं आहे. कॅप बसवताना भूल असेल तर तुम्हाला नीट चावताच येत नाही, तोंड वाकडं झालेलं असतं, डॉक्टर विचारतात "बरं वाटतंय?" आणि आपण हो म्हणतो कारण आपल्याला घरी जायचं असतं. मग भूल उतरल्यावर घरी बघायचं: ताठ बसा, सावकाश तोंड मिटा, सगळे दात एकदम टेकतात का हा आधी टेकतो? जबडा उजवीकडे-डावीकडे सरकवून पण बघा, काही वेळा सरळ चावताना बरोबर असतं आणि बाजूला सरकवताना अडकतं. आधी टेकत असेल तर दुसऱ्याच दिवशी फोन करा, "चावताना उंच लागतंय, भूल उतरल्यावर कळलं". कुठलाही डॉक्टर याला नाही म्हणत नाही, पाच मिनिटांचं काम असतं. हे "हळूहळू बसेल" म्हणून सोडायचं नाही, कॅप झिजून जमत नाही, समोरचा दात आणि तुमची नस झिजते.

एक वेगळं लक्षण: चावताना नाही तर चावून सोडताना कळ येते. तसं असेल तर ते शब्द जसेच्या तसे सांगा, कारण त्याने दातात चीर असण्याची शंका येते आणि मग ते वेगळं तपासतात.

सकाळी उठल्यावर जास्त, जबडा अवघडलेला, दुपारपर्यंत बरं, असं असेल तर तुम्ही झोपेत दात खात असाल. नाइट गार्डबद्दल (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) विचारा.

टेम्पररी कॅप असताना दिवसेंदिवस वाढतंय

माझा दुसरा दात. वरचा. पहिले पाच दिवस छान कमी होत आलं होतं, म्हणजे वीस सेकंदांवरून तीनवर, आणि सहाव्या दिवशी परत भडकलं. गोडानेही सळक. कमी होत जाऊन परत वाढलं तर पहिला संशय टेम्पररीवर घ्यायचा.

टेम्पररी कॅप अ‍ॅक्रिलिक किंवा तसल्याच प्लास्टिकसारख्या मटेरियलची असते आणि तिचं सिमेंट मुद्दाम कच्चं ठेवतात, कारण दोन-तीन आठवड्यांनी ती काढायची असते. त्यामुळे कडेने सिमेंट धुऊन जाऊ शकतं. वरून कॅप जागेवर दिसते, हलतही नाही, पण आत फट पडते आणि त्या उघड्या नळ्यांपर्यंत पाणी, गोड, जंतू सगळं पोचतं. वास येणं, विचित्र चव, त्या कडेला अन्न अडकणं, या खुणा. उपाय घरी नाही, परत जाऊन स्वच्छ करून नव्या सिमेंटने बसवून घ्यायची, दहा मिनिटं. माझं त्याच संध्याकाळी थांबलं.

कधी कधी टेम्पररीची कड थोडी तोकडी असते, हिरडीजवळ घासलेला दात दोऱ्याएवढा उघडा राहतो. नुसतं हवेनेही झोंबतं. तेही दुरुस्त करून मिळतं.

आणि निघालीच तर? जपून ठेवा, टाकू नका. कॅप आतून स्वच्छ करा, दातावर लावून बघा कुठल्या बाजूने बसते. मेडिकलमध्ये दातांचं तात्पुरतं सिमेंट मिळालं तर ते थोडंसं, नाहीतर आत किंचित पेट्रोलियम जेली लावून बसवून ठेवता येते, पण ती सैल असेल तर झोपताना काढून ठेवायची, झोपेत श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. खातानाही काढलेली बरी. घरातला झटपट चिकटणारा ग्लू अजिबात लावायचा नाही, तो हिरडी आणि नस दोन्हीला त्रास देतो आणि कॅप वेडीवाकडी चिकटली की परमनंट कॅपचं मापच बिघडतं. आणि "तसंही दुखत नाहीये, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहेच" असं म्हणून कॅपशिवाय राहू नका. शेजारचे दात सरकतात, हिरडी कडेवर चढते, आणि लॅबमधून आलेली कॅप मग बसतच नाही. एक-दोन दिवसांत जाऊन या.

फ्लॉस करणाऱ्यांसाठी एकच ओळ: टेम्पररीच्या शेजारी फ्लॉस खाली घातला की वर ओढायचा नाही, बाजूने सरकवून काढायचा.

परमनंट बसवल्यावर पहिले काही दिवस

हा प्रकार वेगळा. टेम्पररीवर सगळं शांत झालेलं असतं, परमनंट कॅप लावली आणि परत थंडाचं सुरू. टेम्पररी काढली, दात परत सुकवला, परत हवा मारली, सिमेंट लावलं. काही सिमेंटं सुरुवातीला बऱ्यापैकी आम्लधर्मी असतात, जुनं झिंक फॉस्फेट तर फारच, त्यामुळे नस थोडी कुरकुरते. चावताना बरोबर असेल आणि सेकंद दिवसागणिक कमी होत असतील तर दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही. काहींना दीड-दोन महिनेही थोडं थोडं राहतं, पण उतरत्या दिशेने.

कॅप धातूची असेल तर थंड-गरम जास्त कळतं, धातूतून उष्णता पटकन जाते, सिरॅमिक आणि झिरकोनियात तेवढी नाही. आणि समोरच्या दातात वेगळ्या धातूचं फिलिंग असेल तर टेकल्याबरोबर बारीक करंट बसल्यासारखं होऊ शकतं, ते बहुतेक वेळा आपोआप कमी होतं. यावर मी उगाच लांबण लावत नाही.

पेस्ट कधी चालते

आता पेस्टवर माझा राग आहे असं वाटेल, तसं नाही, तिचा उपयोग आहे पण ती जिथे पोचते तिथेच. कॅपच्या आत ती जाऊच शकत नाही! हे मला महिनाभर सुचलं नव्हतं. कॅपच्या कडेला हिरडी खाली गेलीय, मूळ थोडं उघडं पडलंय, ब्रश किंवा हवा तिथे लागली की झोंबतं, अशा वेळी पेस्ट चांगली. पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के असलेली पेस्ट नसेला शांत करते पण त्याला दोन ते चार आठवडे रोज दोनदा लागतात, तीन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बदलू नका. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनवाल्या पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवतात. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटाने त्या कडेला लावायची, जास्तीची थुंकायची आणि चूळ न भरता झोपायचं. मला हे ब्रशने घासण्यापेक्षा जास्त लागू पडलं.

दात पांढरे करायच्या पेस्ट, पट्ट्या, कोळशाची पावडर, हे सगळं या काळात बंद. आंबट काही खाल्लं-प्यायलं तर लगेच ब्रश नको, अर्धा तास थांबा. ब्रश मऊ घ्या. पण त्या दाताला ब्रशच लावायचा नाही असं करू नका, कडेला घाण साचली की हिरडी सुजते आणि मग ते दुखणं वेगळंच.

हिरडी हुळहुळी असेल (दोऱ्यामुळे बहुतेक सगळ्यांची असते, दोन-तीन दिवस) तर एक कप कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. कोमट म्हणजे कोमट, गरम नाही.

दुखण्याच्या गोळ्या: पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. गोळी कुस्करून हिरडीवर ठेवायची नाही, अ‍ॅस्पिरिनने हिरडी भाजते, पांढरी साल निघते. लवंगेचं तेल पण तसंच्या तसं ओतू नका, चटका बसतो. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं हे खरं, टेम्पररी सिमेंटमध्येही ते पुष्कळदा असतंच, पण रेझिनच्या सिमेंटला ते चालत नाही, म्हणून परमनंट बसवायच्या आधी तुम्ही तेल लावत असाल तर डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि अँटिबायोटिक. घरात उरलेल्या सुरू करू नका हो. चिडलेल्या नसेवर त्यांचं काहीच चालत नाही.

थांबायचं नाही अशी वेळ

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, पू, तोंड उघडायला त्रास: त्याच दिवशी. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर डेंटिस्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

आणि एक फसवं लक्षण, माझ्या तिसऱ्या दाताचं. महिनाभर थंडाने ठणकत होतं, सुरुवातीला दहा सेकंद, मग चाळीस, मग चहाने पण, दोन रात्री झोप नाही, आणि एका सकाळी एकदम सगळं थांबलं. थंड पाणी धरलं, काहीच नाही. मी घरात जाहीर केलं की बरं झालं, अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पंधरा दिवसांनी त्या हिरडीवर बारीक पुळी आली आणि चावताना तो दात वर आल्यासारखा वाटायला लागला. सेकंद हळूहळू कमी होत शून्यावर येणं वेगळं आणि चाळीसवरून एका रात्रीत शून्य होणं वेगळं, दुसऱ्यात नस मेलेली असू शकते. एक्स-रे काढला, तेच निघालं. आरसीटी करावी लागली, कॅप न काढता तिच्यातूनच वरून भोक पाडून, दोन बैठकांत, आणि ते भोक फिलिंगने बंद केलं. कॅप वाया जाईल या भीतीनेच मी टाळत होते खरं तर, ती गेली नाही.

यात डॉक्टरांनी दात जास्त घासला का, हा प्रश्न घरात चर्चेला आला. असूही शकतं, पण त्या दातात आधीच मोठं फिलिंग होतं, त्याआधी कीड होती, एवढं सोसलेल्या नसेला आणखी एक धक्का जड जातो आणि ते काम करायच्या आधी नक्की सांगता येत नाही. मी त्यावर भांडले नाही.

वरच्या मागच्या दाढा असतील तर अजून एक बघा: सर्दी आहे का, खाली वाकलं की दुखणं वाढतं का, एक नाही दोन-तीन दाढा एकदम दुखतायत का. सायनस असू शकतं, वरच्या दाढांची मुळं त्याच्या अगदी खालीच असतात.

फोनवर काय सांगायचं

मी आता असं पाठवते: "खालची डावी दाढ, परमनंट लावून नऊ दिवस. थंडाने सळक, ८ सेकंद, पहिल्या दिवशी २० होती. गरमाने नाही. चावताना नाही. रात्री नाही. आपोआप नाही." याला उत्तर येतं, थांबा, आठवड्याने सांगा. आणि "थंडाने ४५ सेकंद, आधी १० होती, चहाने पण, काल रात्री उठले" असं पाठवलं की त्याच दिवशीची वेळ मिळते. आधी मी "खूप दुखतंय" लिहायचे आणि पुढच्या आठवड्यातली वेळ मिळायची, आणि त्यांना तरी कसं कळणार.

पुढच्या महिन्यात चौथा दात आहे. या वेळी आधीच तीन गोष्टी बोलून ठेवल्यात: घासल्याबरोबर डेंटिनवर डिसेन्सिटायझर लावून नळ्या सील कराल का (हो म्हणाले, ते लावतातच), माप घेताना दात अगदी कोरडाठक करू नका, आणि कॅप बसवल्यावर दुसऱ्या दिवशी भूल नसताना फक्त बाईट बघायला पाच मिनिटं द्या. शेवटच्याला ते हसले, पण वेळ लिहून घेतली.